कुर्लीचं झाड तपासायला पुण्यात चार दिवस

कुडाळहून पुण्याला माणसं जातात ती दवाखान्यासाठी, मुलांच्या प्रवेशासाठी, नाहीतर कोणाच्या तरी लग्नासाठी. मी गेले एका कुर्लीसाठी. परत आल्यापासून जो तो विचारतो, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगण्याइतका वेळ माझ्याकडे नाही. म्हणून एकदाच लिहून ठेवते.

आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात मी सत्तावीस वर्षं प्रयोगशाळा सहायक आहे. बरण्या, नोंदवह्या, परवाने, किल्ल्या हे सगळं माझ्याकडे. विभागाचे जुने प्रमुख कामत सर निवृत्त झाले त्याला पंधरा वर्षं झाली, पण अजून रोज अकरा वाजता येऊन स्वतःच्या कपाटापाशी बसतात. त्या कपाटात कुर्ल्या आहेत, म्हणजे खेकडे. आसपासच्या चार कातळसड्यांवरून, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवरून, सरांनी त्या जमवल्या. पिवळ्या नांगीची ही कुर्ली वेगळी जात आहे आणि ती जगात दुसरीकडे कुठे नाही, असं सर वीस वर्षं म्हणत आले आहेत. त्या चार सड्यांपैकी एकावर आता सुरुंग लावून आंब्याची बाग झाली, एक रस्त्याखाली गेला. आणि सरांची दृष्टी दोन वर्षांत फार उतरली. नाव छापून येईल तेव्हा ते मला स्वतःला वाचता आलं पाहिजे, एवढंच ते म्हणतात.

आकाराचं वर्णन सरांनी केव्हाच करून ठेवलं होतं. पण आता नुसत्या वर्णनावर कोणी जात मान्य करत नाही, डीएनए लागतो. ऑक्टोबरमध्ये आम्ही तीन कुर्ल्यांचे पाय पुण्याच्या एका प्रयोगशाळेकडे पाठवले. नोव्हेंबरच्या शेवटी उत्तर आलं. एका पानावर एक झाड होतं, म्हणजे आडव्या फांद्या आणि प्रत्येक टोकाला एका खेकड्याचं नाव. आमची कुर्ली बसली होती भातशेतातल्या साध्या कुर्ल्यांच्या घोळक्यात. बांधावर पोरं दोऱ्याला गांडूळ लावून पकडतात त्या कुर्ल्यांच्या.

सरांना मी ते पान वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, तू स्वतः जा, झाड कसं काढतात ते बघ, आणि गडबड कुठे झाली ते शोधून ये.

मी अकरा प्रश्न लिहिले. पहिले नऊ पद्धतीचे. दहावा : नमुन्यांची अदलाबदल झाली का? अकरावा मी सरांना वाचून दाखवला नाही : आमची कुर्ली आधी साधी ठरवायची आणि दोन वर्षांनी स्वतःच्या नावाने नवी म्हणून छापायची, असा तर बेत नाही ना?

सोमवार : शनिवार पेठ

प्रवासात सांगण्यासारखं एकच घडलं. पुन्हा तपासायची वेळ आली तर असाव्यात म्हणून सरांनी आणखी दोन छोट्या बरण्या बरोबर दिल्या होत्या. झाकणाला मेण, वर प्लास्टिक, वर टॉवेल, एवढं करूनही त्यातली एक पाझरली. स्वारगेटला रिक्षात बसले तेव्हा पिशवीतून स्पिरिटचा वास येत होता. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा माझ्याकडे बघितलं.

"ताई, सकाळी सकाळी?"

कॉलेजचं स्पिरिट आहे, परवाना आहे आणि आत खेकडा आहे, असं मी सांगितलं. खेकडा म्हटल्यावर त्याचा संशय वाढला. मलाही तो मुद्दाम लांबून नेतोय असं वाटत होतं, म्हणून मी रिक्षाचा नंबर लिहून घेतला. दोघांचं काहीच सिद्ध झालं नाही.

मावसबहीण निर्मलाताईकडे उतरले. तिचे यजमान, आमचे भावोजी, बँकेतून निवृत्त झालेत आणि सकाळपासून कोणी तरी काही तरी बोलेल याची वाट बघत खुर्चीत बसलेले असतात. मी कशासाठी आले ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"साडेतीनशे किलोमीटर. खेकड्यासाठी," ते म्हणाले. "त्यालाच पाठवायचं. आडवा का होईना, पोचला असता."

जेवायला आमटी होती. पहिल्याच घासाला गूळ लागला. आमच्याकडे आमटीला ओल्या नारळाचं वाटण असतं आणि गोड हवं असेल तर वेगळं करतात. इथे ते आत लपवतात. हे मी बोलले नाही, पण वहीत लिहिलं. चहाचंही तसंच. आमच्याकडे पाहुणा आला की चहाचं आधण ठेवतात, इथे घेणार का असं विचारतात, आणि नको म्हटलं तर खरंच ठेवत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मी हो म्हणू लागले.

मंगळवार : हडपसर

प्रयोगशाळा हडपसरला. भावोजींनी बस सांगितली आणि पुस्तक घेऊन जा, म्हणाले. पुस्तक नव्हतं, म्हणून प्रश्नांची यादी चार वेळा वाचली. बाहेर काचेच्या उंच इमारती होत्या आणि दोन इमारतींच्या मधे पत्र्याखाली तीन म्हशी बांधलेल्या. म्हशी तिथे आधीपासून असणार. गाव कुठे संपलं आणि शहर कुठे सुरू झालं हे त्या रस्त्यावर काही समजलं नाही.

प्रयोगशाळा एका औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली खोके तयार करण्याचा कारखाना, त्यामुळे जिन्यात पुठ्ठ्याचा वास. डॉ. रेवती शेवाळे हे नाव मी पत्रावर वाचलं होतं आणि चष्म्याची कोणी पोक्त बाई डोळ्यांपुढे आणली होती. समोर आली ती चौतीस वर्षांची, कॅनव्हासचे बूट घातलेली मुलगी. हडपसरचीच, शेतकऱ्याच्या घरातली. त्यांच्या शेतावर आता इमारती आहेत, हे तिने दुसऱ्या वाक्यात सांगून टाकलं.

"मॅडम, आपण मेल केली असती तरी मी सगळं कळवलं असतं," ती म्हणाली.

सरांचा मेलवर विश्वास नाही, असं मी सांगितलं. मग तुमचा कशावर, असं तिने हसत विचारलं. सही केलेल्या कागदावर, मी म्हटलं. ती हसायची थांबली आणि खुर्ची पुढे सरकवली. ते मला आवडलं, पण मी ते दाखवलं नाही.

झाड कसं काढतात ते आता थोडक्यात सांगते, कारण पुढचं त्यावर अवलंबून आहे. आधी तक्ता करतात. एका ओळीत एक प्राणी, आणि त्या ओळीत त्याच्या एका जनुकाची अक्षरं, सहाशेच्या वर. अक्षरं चारच प्रकारची. सगळ्या खेकड्यांच्या ओळी एकाखाली एक अशा लावतात की पहिलं अक्षर पहिल्याखाली आणि शेवटचं शेवटच्याखाली येईल. असा तक्ता मी आयुष्यभर करत आले आहे, फक्त माझ्यात अक्षरांच्या जागी बरण्या असतात.

त्या तक्त्यावरून झाड काढायच्या पद्धती अनेक. सर्वांत सोपी म्हणजे कोणत्या दोन ओळींत फरक कमी तो मोजायचा, त्या दोघांना जोडायचं, मग पुढचे दोन. मी लगेच हरकत घेतली. दोन माणसांची नाकं सारखी असली म्हणून ती भाऊ होत नाहीत. अगदी बरोबर, डॉक्टर म्हणाली, एकच बदल दोन घराण्यांत वेगवेगळा होऊ शकतो. म्हणून दुसरी पद्धत : शक्य तेवढी झाडं मांडून बघायची आणि सर्वांत कमी बदल गृहीत धरावे लागतील ते झाड घ्यायचं. मी म्हटलं, निसर्ग काटकसर करतो असं कोणी सांगितलं? यावरही तिने मान डोलावली. म्हणून तिसरी : अक्षरं किती सहज बदलतात याचा आधी हिशेब बसवायचा, आणि मग कोणत्या झाडावरून हा तक्ता निघण्याची शक्यता सर्वांत जास्त ते बघायचं. त्यातही हिशेब कोणी बसवला, असं मी विचारलं. तिने तीन वेगळे हिशेब लावून दाखवले.

पाचवा प्रश्न मुळाचा. झाडाला मूळ कुठे आहे हे तक्त्यातून कळत नाही. त्यासाठी एक लांबचा प्राणी मुद्दाम घेतात, तो सगळ्यांच्या बाहेरचा आहे असं आधीच धरून. हे मला फार संशयास्पद वाटलं. बाहेरचा कोण हे आधीच ठरवलं तर आतलं कोण हे आपोआप ठरतं, मी म्हटलं. तिने वाद घातला नाही. त्या बाहेरच्याला काढून दुसरा बाहेरचा घेतला, मग तिसरा. तिन्ही झाडांत, तिन्ही पद्धतींत, आमची कुर्ली भातशेतातच.

आमच्या फांदीवर एक आकडा होता, अठ्ठ्याण्णव. त्याचा अर्थ मी विचारला. तक्त्यातले उभे रकाने डोळे मिटून उचलायचे, काही दोनदा येतील, काही येणारच नाहीत, पण एकूण संख्या तेवढीच ठेवायची. त्यावरून नवं झाड काढायचं. असं पुन्हा पुन्हा करायचं आणि शंभरातल्या किती झाडांत तीच फांदी येते ते मोजायचं. ही युक्ती मला मनापासून पटली. यादीतल्या दोन-चार ओळी चुकल्या तरी निष्कर्ष टिकतो का, हे त्यातून कळतं.

"शंभरात अठ्ठ्याण्णव म्हणजे खरंच झालं की," मी म्हटलं. मला ते म्हणायचं नव्हतं.

"नाही मॅडम. ह्या तक्त्यातून हेच निघतं, एवढंच. तक्ता खरा आहे का, हे झाड कधीच सांगत नाही."

मी पेनचं टोपण लावलं. मग तक्ता कुठून आला ते बघू, म्हटलं. उद्या सकाळी दहा वाजता मला तुमच्या नोंदवह्या लागतील.

बुधवार : मंडई आणि नोंदवह्या

सकाळी सहालाच निर्मलाताई मला मंडईत घेऊन गेली. गाळ्यांवर भाजी इतकी व्यवस्थित रचलेली की मागच्या बाजूला काय आहे अशी शंका येते. एका गाळ्यावर 'अस्सल मालवणी' अशी पाटी लावून सोलं, म्हणजे आमसुलं, विकायला ठेवली होती. मी एक उचलून वास घेतला. हे कुठून आणलंत, विचारलं. मालवणहून, म्हणाला. मालवणात कोणाकडून, विचारलं. तो म्हणाला, "बाई, आपण घेणार आहात की तपासणार आहात?" आजूबाजूच्या दोघी हसल्या. निर्मलाताईने मला दंडाला धरून पुढे नेलं.

दहा वाजता मी हडपसरला होते. डॉक्टरने तीन वह्या समोर ठेवल्या : नमुने आले त्याची, ट्यूबमध्ये भरले त्याची, यंत्रावर लावले त्याची. माझा बेत सरळ होता. भातशेतातली कुर्ली या प्रयोगशाळेत कधी तरी आली असणार, आणि तिची ट्यूब आमच्या ट्यूबच्या जागी गेली असणार. म्हणून पहिल्या पानापासून आलेल्या प्रत्येक खेकड्याची मी माझ्या वहीत यादी करायला घेतली.

दुपारपर्यंत एक चूक सापडली. एका ट्यूबचा क्रमांक चौदा होता, तो खोडून सतरा केला होता, आणि खोडलं त्यावर सही नव्हती. सतरा म्हणजे आमच्या तिघींपैकी एक. मी वही डॉक्टरसमोर ठेवली आणि बोट दाखवलं. तिचा चेहरा उतरला. खोडाखोड माझीच आहे, सही करायला हवी होती, म्हणाली. मग फ्रीजरमधून दोन्ही ट्यूब काढून त्यांच्यावरची मूळ चिकटपट्टी दाखवली, त्या दिवसाचा फोटो दाखवला. चौदामध्ये माशाचा पर होता. मासा आणि खेकडा यांची अदलाबदल झाली असती तर झाड वेगळंच ओरडलं असतं. माझा मोठा पुरावा असा संपला. तिने त्या खोडाखोडीवर माझ्यासमोर सही केली आणि आजची तारीख घातली.

घरी भावोजींनी विचारलं, चोर सापडला का. मी म्हटलं, अजून निम्मी वही बाकी आहे. ते म्हणाले, मग पोलीसही बाकी आहेत.

गुरुवार : पुन्हा हडपसर

दुपारी तीन वाजता यादी पूर्ण झाली. नदीतले खेकडे, घाटातले खेकडे, मुळशीकडचे, महाबळेश्वरचे. भातशेतातला : एकही नाही. यंत्रावर प्रत्येक वेळी एक रिकामी ट्यूबही लावतात, काही न घातलेली, कुठून काही मिसळलं तर कळावं म्हणून. ती प्रत्येक वेळी रिकामीच आली होती. झाडावरच्या इतर भातशेती कुर्ल्यांच्या ओळी तिने सार्वजनिक संग्रहातून, संगणकावरून घेतल्या होत्या. त्यांचं मांस या इमारतीत कधी आलंच नव्हतं.

मी त्यांना पकडायला केलेली यादी त्यांनाच निर्दोष ठरवत होती. दहाव्या प्रश्नापुढे मला 'नाही' लिहावं लागलं. अकरावाही त्याबरोबर गेला, कारण ज्याला चोरायचं असतं तो वह्या अशा उघड्या देत नाही.

आता मात्र डॉक्टरला स्वस्थ बसवेना. तिने आमच्या तिन्ही कुर्ल्यांचे मूळ आलेख उघडले. यंत्र प्रत्येक अक्षराला एक उंचवटा काढतं, चार रंगांत. संगणक उंच उंचवटा वाचतो. एका आलेखात तेवीस जागी उंच उंचवट्याच्या पोटात दुसरा, बुटका, वेगळ्या रंगाचा उंचवटा होता.

"हे मी बघायला हवं होतं," ती म्हणाली. "तिन्ही ओळी स्वच्छ वाचल्या गेल्या, म्हणून मूळ आलेख उघडलाच नाही."

एका ट्यूबमध्ये दोन प्राणी. हे कुठे झालं, ते आम्हा दोघींनाही सांगता येईना.

सहा वाजले होते. मार्गशीर्षातला गुरुवार, तिच्या घरी पूजा होती. आईने सवाष्णीला घेऊन यायला सांगितलंय म्हणून ती मला घरी घेऊन गेली. चार मजल्यांची नवी इमारत, तळमजल्यावर चुलते, वर हे लोक. तिच्या आईने हळदीकुंकू लावलं, ओटी भरली आणि जेवल्याशिवाय जायचं न्हाय, असं बजावलं. आमच्याकडेही मार्गशीर्षातले गुरुवार करतात. पण इथे घटाभोवती पाच फळं, पाच पानं असं सगळं मोजून मांडलं होतं आणि तिची आई आल्यागेल्याला ते मोजायला लावत होती. मला त्या घरात बरं वाटलं.

नैवेद्याला पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, कुरडया. डॉक्टर भजी तळायला उभी राहिली आणि ओट्यावरचं तेलाचं भांडं कढईत ओतायला लागली. आईने तिचा हात धरला.

"ते तेल नगं गं. काल त्यात बोंबील तळल्यात. गाळलंय म्हनून काय झालं, देवाच्या ताटाला वास लागंल."

डॉक्टर म्हणाली, आई, स्वच्छ आहे, तळाला काही नाही. आई म्हणाली, डोळ्याला न्हाय, भज्याला कळतंय.

मी हातातली वाटी खाली ठेवली.

स्पिरिट मिळवायला परवाना लागतो, अर्ज लागतो, वर्ष-वर्ष थांबावं लागतं. म्हणून आमच्याकडे स्पिरिट फेकत नाहीत. प्रॅक्टिकलला मुलं दरवर्षी जी कुर्ली कापतात, तिच्या बरण्या परीक्षा संपली की रिकाम्या होतात. त्यांतलं स्पिरिट मी गाळते, नव्या बरण्यांत भरते, कमी पडलं तर जुन्यात घालून वरपर्यंत आणते. सत्तावीस वर्षं. तपासणीला आलेल्या प्रत्येक समितीने या काटकसरीची वाहवा केली आहे. सरांच्या कपाटातली प्रत्येक बरणी याच स्पिरिटात आहे. आणि प्रॅक्टिकलची कुर्ली म्हणजे भातशेतातली कुर्ली.

हे मी तिथे, स्वयंपाकघरात, उभ्याने सांगितलं. डॉक्टरने गॅस बंद केला.

"किती वेळा गाळलेलं असेल, मॅडम?"

"मोजलेलं नाही," मी म्हटलं. माझ्या नोकरीत मोजलेलं नाही असं हे एकच.

तिने मला दोष दिला नाही, हे तेव्हा जास्त लागलं. बहुतेक असं झालं असणार, ती सावकाश म्हणाली. गाळून गाळून स्पिरिट पातळ झालं, त्यात तुमच्या कुर्लीचं मांस आतून सडलं, त्याचे धागे तुटले. आणि शेतातल्या कुर्लीचे ताजे कण वरून चिकटले. यंत्राला जे धड मिळालं ते त्याने वाचलं. म्हणजे त्या पोटातल्या बुटक्या उंचवट्यांत आमची कुर्ली आहे का, असं मी विचारलं. असू शकेल, ती म्हणाली, पण तेवीस अक्षरांवर मी झाड काढणार नाही आणि कोणी काढलं तर तुम्ही त्यावर विश्वास ठेवू नका.

तिची आई आमच्याकडे बघत होती. तिला वाटलं तेलावरून आमचं काही तरी बिनसलं. नवं तेल तापलं, भजी झाली, नैवेद्य दाखवला. मी जेवले. काय जेवले ते मात्र या एका जेवणाचं वहीत नाही.

शुक्रवारी निघण्याआधी मी न पाझरलेली बरणी डॉक्टरकडे दिली. कुर्लीला हात लावू नका, म्हटलं, नुसतं स्पिरिट घ्या आणि ते यंत्रावर लावा. खात्री झाल्याशिवाय मी स्वतःवरही आरोप ठेवणार नाही. ती म्हणाली, हे मीच सुचवणार होते.

शनिवार : कुडाळ

सरांना कसं सांगायचं याचे मी गाडीतच पाच मुद्दे काढले होते. झाड तिन्ही पद्धतींनी बरोबर काढलंय. प्रयोगशाळेत अदलाबदल नाही. एका आलेखात दोन प्राणी आहेत. चौथा मुद्दा : गाळलेलं स्पिरिट, माझ्याकडून. पाचवा : चारपैकी दोन सडे राहिले नाहीत, तिथल्या कुर्ल्या पुन्हा मिळणार नाहीत. उरलेल्या दोन सड्यांवर जूनशिवाय कुर्ली वर येत नाही.

सर अकराला आले. मी दार लावून घेतलं आणि वाचायला सुरुवात केली. चौथ्या मुद्द्यावर त्यांनी हात वर केला.

"गाळायला कागद एकेरी लावतेस की दुहेरी?"

"दुहेरी."

"दुहेरी कोणी सांगितला?"

माझ्या नोकरीच्या पहिल्या महिन्यात सर स्वतः नरसाळं धरून माझ्या शेजारी उभे होते. फेकायचं काही नाही, एवढंच तेव्हा म्हणाले होते.

"सुलभा, मी विचारतोय."

"तुम्ही."

"यादीत ते नाही."

"नाही."

"मग घाल. 'माझ्याकडून' खोड. आणि खोडलंस तिथे सही कर."

मी घातलं. मग त्यांनी त्या तेवीस अक्षरांबद्दल विचारलं. ती शेतातल्या कुर्लीची नाहीत ना? नाहीत, म्हटलं. मग कोणाची? ते डॉक्टर सांगत नाहीत, म्हटलं. सर थोडा वेळ टेबलावरून तळहात फिरवत राहिले. बरोबर आहे तिचं, म्हणाले, मीही सांगितलं नसतं. मग डॉक्टरला पाठवायचं पत्र सांगायला लागले. आमचे तीन नमुने झाडातून काढून टाकावेत. कारण : साठवण्याची पद्धत. पद्धत कोणाची, तेही लिही, पूर्ण नावाने. मी म्हटलं, सर, हे पत्र त्या झाडाबरोबर छापलं जाईल आणि कायमचं राहील, तुमचं नाव पहिल्यांदा छापून येईल ते याच्यात.

"मोठ्या टायपात असेल तर वाचता येईल," सर म्हणाले.

बुधवारी डॉक्टरचा फोन आला. नुसतं स्पिरिट, आत प्राणी नाही : भातशेतातली कुर्ली. ताज्या नमुन्यांसाठी शुद्ध स्पिरिट आणि नव्या बाटल्या ती मे महिन्यातच पाठवणार आहे, आणि जूनमध्ये सड्यावर स्वतः येणार आहे. कोकणात पावसात कसं राहायचं याची यादी मी तिला पाठवली आहे.

कपाटात एकसष्ट बरण्या आहेत. त्यातली एकही टाकायची नाही, आकार बघायला त्या चालतात, पण पुढे कोणी त्यातला पाय कापून झाड काढू नये म्हणून प्रत्येकीवर चिठ्ठी लावायचं ठरलं : 'फक्त आकारासाठी. डीएनएसाठी वापरू नये.' चिठ्ठ्या मी लिहिल्या. खाली सही करायला पेन उचललं तेव्हा सरांनी हात पुढे केला आणि पेन मागून घेतलं. चिठ्ठीची कडा बोटाने चाचपून, जिथे जागा लागेल तिथे ते सही करत गेले. चार दिवस लागले. शेवटच्या दहा-बारा सह्या ओळीच्या बाहेर गेल्या आहेत, दोन तर 'वापरू नये'च्या वरून. मी त्या तशाच चिकटवल्या.